वर्धेचे पात्र आणि देवगावचा तह

पिपरी मेघे येथून कारंजा किंवा मुक्तागिरीच्या यात्रेला निघालेले कुटुंब वाटेत कोठेतरी वर्धा नदी ओलांडते. पूल मागे पडायला मिनिटभर पुरते. मुले खिडकीतून पाणी किती आहे ते पाहतात, एखादी वृद्ध माता हात जोडते आणि गाडी अमरावती किंवा यवतमाळ जिल्ह्यात शिरते. आपण ओलांडली ती केवळ जिल्ह्याची सीमा नसून एका युद्धाच्या अखेरीस कागदावर ओढलेली रेघ आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती रेघ ओढली गेली १७ डिसेंबर १८०३ या दिवशी, एलिचपूरजवळच्या, म्हणजे आजच्या अचलपूरजवळच्या, देवगाव येथे. तह झाला तो नागपूरकर सेनासाहेब सुभा दुसरे रघूजी भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात. भोसल्यांतर्फे यशवंतराव रामचंद्र हे वकील होते, तर कंपनीतर्फे मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. शालेय पुस्तकांत तो पराभवाची एक ओळ म्हणून येतो आणि संपतो. परंतु एखादा करारनामा कलमागणिक वाचावा तसा तो वाचला, तर त्यात काही शहाणपणाच्या गोष्टी आढळतात आणि काही अशाही आढळतात की ज्यांचे व्याज पुढील दीडशे वर्षे कोणी ना कोणी फेडीत राहिले.

युद्धाचे मूळ दुसऱ्याच एका तहात होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळून कंपनीच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी तैनाती फौज स्वीकारली. मराठी राज्यसंघाचा प्रमुखच परक्याच्या पदरी गेला, ही गोष्ट दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांना मान्य होणे शक्य नव्हते. होळकर मात्र बाजूला राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे जी लढाई झाली, तिच्यात वेलस्लीच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. मराठी बाजूची हानी त्याहून कितीतरी मोठी होती. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे दुसरी मोठी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव आरगाव असे लिहितात. तेथे नागपूरच्या फौजेचे नेतृत्व रघूजींचे बंधू व्यंकोजी यांच्याकडे होते. त्यानंतर गाविलगडाला वेढा पडला. १५ डिसेंबरला तट फुटला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला आणि गडावर भीषण कत्तल झाली. दोनच दिवसांनी तहावर सह्या झाल्या.

हे सर्व घडत होते तेव्हा वऱ्हाडात दुष्काळ होता. १८०३ चा तो दुष्काळ लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला. उभे पीक नाही आणि जे आहे ते दोन्ही बाजूंच्या घोड्यांच्या तोंडी, अशी रयतेची अवस्था होती. तहाच्या गुणदोषांचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये. गाविलगड पडल्यावर दोन दिवसांत युद्ध थांबले, हाच त्या कागदाचा पहिला आणि कदाचित सर्वांत मोठा गुण होय. रघूजी आणखी सहा महिने लढत राहिले असते, तर कदाचित चार परगणे अधिक राखता आले असते, कदाचित नागपूरच गेले असते. फौजेमागून फौज ज्या गावांतून गेली असती, त्या गावांचे काय झाले असते, याविषयी मात्र ‘कदाचित’ म्हणण्याचे कारण नाही.

आता कलमांकडे वळू. रघूजींनी कटक प्रांत, बालेश्वर बंदरासह, कायमचा कंपनीला दिला. ज्या मुलखाचा वसूल ते निजामाबरोबर भागीने घेत होते तो मुलूख, तसेच वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला सर्व मुलूख, त्यांनी सोडला. निजाम आणि भोसले यांच्यामधील सरहद्द म्हणून वर्धा नदी ठरली. उत्तरेकडील डोंगर आणि त्यांवरील नरनाळा व गाविलगड हे किल्ले भोसल्यांकडेच राहिले आणि त्या किल्ल्यांच्या दक्षिणेस लागून असलेले चार लाख रुपये उत्पन्नाचे परगणे त्यांना देण्याचे ठरले. पुढे निजाम किंवा पेशवे यांच्याशी काही वाद झाल्यास कंपनी मध्यस्थ राहून न्यायाने निवाडा करील. भोसले फ्रेंचांना किंवा कंपनीशी युद्ध चालू असलेल्या अन्य राष्ट्राच्या माणसांना नोकरीत ठेवणार नाहीत. त्याच्या बदल्यात कंपनी भोसल्यांच्या असंतुष्ट भाऊबंदांना आणि बंडखोर जमीनदारांना थारा देणार नाही. एकमेकांच्या दरबारी वकील राहतील. मांडलिक राजांशी कंपनीने जे करार केले आहेत, ते भोसले मान्य करतील. शिंद्यांबरोबरचा संघ भोसले सोडतील.

यात जमेच्या बाजूला काय धरावे? लढाईत जिंकलेला गाविलगड परत दिला, ही लहान गोष्ट नव्हे. पराभूताच्या हाती त्याचा दरवाजा आणि त्याची अब्रू दोन्ही राहिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देवगावच्या तहात तैनाती फौज नाही. वसईला पेशव्यांनी जे गळ्यात बांधून घेतले, ते रघूजींनी घेतले नाही आणि वेलस्लीनेही त्यासाठी तह अडवून धरला नाही. मार्च १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रघूजींनी तैनाती फौजेचा करार टाळला. पराभवानंतरही बारा वर्षे स्वतःच्या घरचा धनी राहता येणे, ही त्या काळातील हिंदुस्थानात दुर्मीळ गोष्ट होती.

आणखी एका गुणाची नोंद क्वचितच घेतली जाते. वऱ्हाडात तोपर्यंत दुहेरी अंमल होता. एकाच गावावर निजामाचाही अधिकार आणि भोसल्यांचाही. वसुलाला दोन कारकून, दोन शिपाई आणि दोन हिशेब. एकाने माफ केलेले दुसऱ्याने मागावे आणि पावती कोणाची खरी हे शेतकऱ्याने ठरवावे, असा तो प्रकार होता. दोन मालकांच्या दुकानात नोकराचे जसे होते तसे रयतेचे झाले होते. तहाने वर्धेच्या पश्चिमेला एकच मालक ठेवला. तो मालक चांगला निघाला की वाईट, हा प्रश्न वेगळा. अधिकार स्पष्ट झाला, एवढे श्रेय त्या कलमाला द्यावे लागते.

मालक कसा निघाला, हेही सांगितले पाहिजे. हैदराबादचा खजिना नेहमीच रिकामा असल्यामुळे वऱ्हाडाचा वसूल सावकारांना मक्त्याने दिला जाऊ लागला. पूरनमल नावाच्या हैदराबादच्या सावकाराकडे प्रांताचा मोठा भाग मक्त्याने होता. १८३९ मध्ये तो काढून पेस्तनजी या पारशी पेढीला देण्यात आला. याच पेढीने त्यापूर्वी, १८२५-२६ च्या सुमारास, वऱ्हाडचा कापूस प्रथमच मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे पाठवला होता. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. ते सोने कोणाच्या तिजोरीत गेले, याचा हिशेब त्या मक्त्यांच्या कागदांत आहे.

दोषांची बाजू अधिक भरगच्च आहे. पहिला दोष कागदाच्या बाहेरचा आहे. शिंदे आणि भोसले एकत्र लढले, पण तह एकेकट्याने केले. अडगावच्या लढाईपूर्वी सहा दिवस, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलांनी वेलस्लीशी तहकुबी ठरवली होती आणि तीत भोसल्यांचा समावेश नव्हता. देवगावनंतर तेराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगाव येथे स्वतंत्र तह केला. दोन्ही ठिकाणे एकाच परिसरातील. दोन भागीदारांनी एकाच सावकाराकडे वेगवेगळ्या वेळी जाऊन तडजोड करावी आणि दुसऱ्याने किती कबूल केले हे पहिल्याला कळूही नये, तसे हे झाले. अशा तडजोडीत कोणाचा फायदा होतो, हे व्यापारी समाजाला सांगावे लागत नाही.

दुसरा दोष मध्यस्थीच्या कलमात आहे. भोसले आणि पेशवे यांच्यात वाद झाल्यास न्याय कंपनी करणार. सेनासाहेब सुभा हे पद सातारच्या छत्रपतींनी दिलेले आणि पेशवे त्याच छत्रपतींचे पंतप्रधान. एकाच घरातील या दोन माणसांचा तंटा आता शेजारी सोडवणार, आणि तो शेजारी स्वतः एका पक्षाचा दोस्त! निजाम आणि पेशवे यांना तहात कंपनीचे दोस्त म्हणूनच संबोधले आहे. न्यायाच्या तत्त्वाने निवाडा करू, असे कलमात लिहिले होते हे खरे. परंतु ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्याला पंच नेमू नये, ही साधी गोष्ट गावकीच्या पंचायतीलाही ठाऊक असते. मराठी राज्यसंघाचा शेवट १८१८ मध्ये झाला असे आपण मानतो. कायद्याच्या भाषेत तो या एका कलमात पंधरा वर्षे आधीच झाला होता.

तिसरा दोष असा की तो वाचताना आजही आश्चर्य वाटते. मांडलिकांशी कंपनीने केलेले करार भोसल्यांनी मान्य करावेत, असे कलम होते; पण ते मांडलिक कोण, याची यादी सह्या होताना जोडलेलीच नव्हती. गव्हर्नर जनरलची मंजुरी येईल तेव्हा यादी मिळेल, असे लिहिले होते. म्हणजे कोऱ्या कागदावर सही! यादी आली तेव्हा तीत संबळपूर, पाटणा यांसारखी छत्तीसगडला लागून असलेली संस्थाने निघाली. रघूजींनी जोरदार हरकत घेतली. आपण कटक दिले, संबळपूर दिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नागपूरला जानेवारी १८०४ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अवघा चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्या वाट्याला पहिले काम आले ते हेच. वाद दोन वर्षांहून अधिक चालला. कलकत्त्याचे धोरण बदलल्यावर १८०६ मध्ये संबळपूर आणि पाटणा हे मुलूख रघूजींना परत मिळाले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, असाच याचा अर्थ होतो. मात्र मधल्या काळात जो विश्वास गेला तो परत आला नाही.

शिंद्यांच्या तहातही ग्वाल्हेरच्या किल्ल्याबद्दल असाच संदिग्ध मजकूर राहून मोठा वाद झाला. त्या वेळी आर्थर वेलस्लीचे मत असे होते की किल्ल्यापेक्षा कंपनीच्या शब्दाची पत मोठी आहे आणि ती राखण्यासाठी किल्ला सोडावा लागला तरी चालेल. त्याचा वडील भाऊ, गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली, याने तसे मानले नाही. तह करणारा एक आणि त्याचा अर्थ लावणारा दुसरा, असे झाले की हीच गत होते.

चौथा दोष भूगोलाचा. तहात सरहद्दीचे वर्णन वर्धा नदी डोंगरातून निघते तेथपासून ती गोदावरीला मिळते तेथपर्यंत, असे आहे. वर्धा गोदावरीला मिळत नाही! ती वैनगंगेला मिळते, पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात आणि ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. छावणीतल्या तंबूत बसून नकाशा आखणाऱ्यांना हे तपासण्यास सवड नसावी. याहून अडचणीची गोष्ट म्हणजे नदी सरळ वाहते, मालकी हक्क तसे वाहत नाहीत. वर्धेच्या पूर्वेला निजामाचे काही परगणे होते, पेशव्यांचेही होते; पश्चिमेला किल्ल्यांखालचे परगणे भोसल्यांना दिलेलेच होते. खऱ्या अर्थाने नदी ही सीमा झाली ती १८२२ च्या तहाने. त्या तहाने पूर्वेकडील तुकड्यांच्या बदल्यात मेळघाट आणि त्याखालचा मुलूख निजामाला मिळाला. देवगावला जे एका ओळीत लिहिले गेले, ते जमिनीवर उतरण्यास एकोणीस वर्षे लागली.

परंतु या सर्वांहून मोठा दोष पैशाचा आहे आणि तो तहाच्या एकाही कलमात दिसत नाही. रघूजींच्या राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. उत्पन्न गेले, खर्च राहिला. फौज तीच, दरबार तोच, प्रतिष्ठेच्या कल्पना त्याच. मग उरलेल्या मुलखातून गेलेल्याची भरपाई करण्याचे धोरण सुरू झाले. सारा वाढला, नवे कर बसले आणि सैन्याचा पगार थकला. पगार न मिळालेले शिपाई गावांवर चालून जाऊ लागले. लोक रघूजींना ‘मोठा बनिया’ म्हणू लागले, अशी इंग्रजी गॅझेटियरांत नोंद आहे. बनिया हा शब्द येथे शिवीसारखा आला आहे, ही गोष्ट वाण्याच्या कुळात जन्मलेल्या वाचकाला खटकेल. खरा व्यापारी नोकराचा पगार थकवून तिजोरी भरीत नाही. तसे करणाऱ्याचे दुकान फार दिवस चालत नाही. असो.

तहाने युद्ध संपवले, पण युद्धावर जगणाऱ्या माणसांचे काय करायचे, याचा विचार केला नाही. हजारो स्वार बेकार झाले. शेती त्यांना येत नव्हती आणि द्यायला जमीनही नव्हती. त्यांतील कित्येक पेंढाऱ्यांच्या टोळ्यांत गेले. १८०९ मध्ये अमीरखान नागपूरच्या मुलखावर चालून आला. रघूजींचे कंपनीशी संरक्षणाचे नाते नव्हते, तरी लॉर्ड मिंटोने आपली फौज पाठवली. कारण अमीरखान नागपुरात येऊन बसणे कंपनीला परवडणारे नव्हते. १८११ मध्ये तर पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी शहराबाहेरची वस्ती जाळली. याच काळात नागपूर प्रांतातील गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. वर्धा जिल्ह्यात अशा गढ्यांचे अवशेष अजून दिसतात. पांढऱ्या मातीचा ढिगारा, त्यावर बाभळी, कोठे एखादा बुरूज. मुलांना तो जुन्या पाटलांचा वाडा वाटतो. खरे पाहता पेंढारी आले की अख्खे गाव, गुरे, धान्य आणि लेकरे आत घेऊन दार लावण्यासाठी ती जागा होती. शांततेच्या तहानंतर लोकांना घराभोवती तट बांधावा लागला, यापेक्षा त्या तहावर कठोर टीका दुसरी कोणती असू शकेल?

समुद्रकाठीही असेच काहीसे घडले. ओडिशा भोसल्यांकडे आला तो १७५१ मध्ये, अलिवर्दीखानाशी झालेल्या तहाने. ५२ वर्षांनी तो गेला. कंपनीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा लाभ, कारण बंगाल आणि मद्रास यांच्यामधला किनारा त्यामुळे सलग झाला. भोसल्यांचा समुद्राशी संबंध कायमचा तुटला. जैन वाचकाला कटक प्रांत परका वाटण्याचे कारण नाही. कलिंगाधिपती खारवेलाचा शिलालेख जेथे आहे ती उदयगिरी आणि शेजारची खंडगिरी ही त्याच प्रांतात येतात आणि खंडगिरीच्या माथ्यावरील जैन मंदिर मराठी अमदानीत कटकच्या दिगंबर जैन व्यापाऱ्यांनी उभारले, असे सांगितले जाते. कंपनीने तेथे १८०४ मध्येच मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला. तोपर्यंत कवड्यांत भरता येणारा सारा रुपयांत मागितला जाऊ लागला. मीठ महागले आणि जमिनी लिलावात निघाल्या. १८१७ मध्ये खुर्द्याच्या पाईकांनी बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली उठाव केला. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला नागपूरजवळ सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांची फौज आणि कंपनीची पलटण यांची लढाई झाली. देवगावच्या कागदाची दोन टोके, एक महानदीकाठी आणि एक नागनदीकाठी, चौदा वर्षांनी एकाच वर्षात पेटली.

तोवर तैनाती फौज आलेलीच होती. रघूजींच्या मृत्यूनंतर मे १८१६ मध्ये आप्पासाहेबांनी तो करार केला. वारसाहक्काच्या भांडणात त्यांना आधार हवा होता आणि आधार देणारा रेसिडेंट शेजारीच बसलेला होता. एकमेकांच्या दरबारी वकील ठेवण्याचे देवगावचे निरुपद्रवी दिसणारे कलम अशा रीतीने फळाला आले. सीताबर्डीनंतर गाविलगड आणि नरनाळाही गेले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी औरस पुत्राविना वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

या ठिकाणी एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. देवगावला सही करणारा वेलस्ली १८१५ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत इंग्लंडचा प्रतिनिधी होता. नेपोलियनच्या अंतिम पराभवानंतर फ्रान्सचे लचके तोडावेत, असे प्रशियासारख्या राष्ट्रांना वाटत होते. वेलिंग्टन आणि परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनी त्याला विरोध केला. फ्रान्सला १७९० च्या सुमारास असलेल्या सीमांवर थांबवण्यात आले आणि ७० कोटी फ्रँकची भरपाई ठरली. दीड लाखांची फौज जास्तीत जास्त पाच वर्षे फ्रान्समध्ये राहील, असेही ठरले. तिचा सेनापती स्वतः वेलिंग्टनच होता आणि ती फौज १८१८ मध्येच मागे घेण्यात आली. तोपर्यंत फ्रान्स पुन्हा मोठ्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसला होता. शंभर वर्षांनंतर व्हर्सायला, २८ जून १९१९ रोजी, जर्मनीशी याच्या उलट वर्तन झाले. तहाची बोलणी जर्मनीला वगळून झाली. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध उभे राहिले. इतिहासकार या दोन तहांची तुलना नेहमी करतात. देवगाव त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. तेथे भरपाईची रोख रक्कम मागितली नाही, राजधानी घेतली नाही, किल्ला परत दिला. परंतु पराभूताला नव्या व्यवस्थेत बसण्यासाठी पाट मांडला नाही. युरोपात जे शहाणपण त्याच माणसाने दाखवले, ते येथे दाखवण्याची त्याच्या मालकांना गरज वाटली नाही. १८१८ मध्ये फ्रान्समधून फौज निघाली आणि त्याच १८१८ मध्ये नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला.

जैन परंपरेत भरत आणि बाहुबलीची कथा आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता मंत्र्यांनी रक्तपात थांबवला आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध एवढ्यावर निर्णय ठरवला. तिन्हींत बाहुबली जिंकले आणि जिंकलेले सोडून वनात गेले. राज्यकारभारात इतके वैराग्य कोणी अपेक्षू नये. तरीही या कथेत तह युद्धाच्या आधी होतो आणि देणारा तो असतो जो जिंकला आहे, ही बाब पर्युषणात ती कथा ऐकणाऱ्यांनी कधीतरी राजकारणालाही लावून पाहण्यासारखी आहे. दरवर्षी क्षमापना करणारा माणूस जाणतो की ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटल्यावर जमाखर्चाची वही मिटावी लागते. देवगावला वही मिटली नाही, फक्त पान उलटले.

नदीच्या दोन्ही तीरांवरचे जीवन मात्र तहाने पूर्णपणे तोडता आले नाही. कारंजाच्या भट्टारक पीठांना मानणारी, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे पूर्वेकडेही होती. सैतवाळ आणि बघेरवाळ घरांतील सोयरिकी नदी पाहून होत नव्हत्या. फरक पडला तो जमिनीच्या कागदांत. १८५४ नंतर पूर्वेकडे मालगुजारी पद्धत बसवली गेली. गावाचा मालगुजार हाच सरकारला सारा देणारा आणि गावाचा मालक. पश्चिमेकडे वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली; शेतकरी स्वतःच्या नावाने सारा भरू लागला. एकाच काळ्या मातीत, एकच कापूस पेरणारे दोन शेतकरी. एकाच्या डोक्यावर मालगुजार, दुसऱ्याच्या नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तरी वर्धेकडचे जुने फेरफार आणि अमरावतीकडचे जुने सातबारे शेजारी ठेवले की तो फरक अजून वाचता येतो.

वऱ्हाडाचा प्रवासही सरळ झाला नाही. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ मध्ये तो कंपनीच्या हवाली केला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आला आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावातील ‘व’ हे अक्षर म्हणजे वर्धा नदीच होय. कारभार एक झाला, नागपूरला एकच सरकार बसले, रेल्वेचा पूल पुलगावजवळ नदीवर केव्हाच झाला होता. परंतु कायद्याने मालक निजामच राहिला. १९३६ मध्ये इंग्रजांनी पुन्हा करार करून निजामाचे वऱ्हाडावरील सार्वभौमत्व मान्य केले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला.

त्याच वर्षी, एप्रिलच्या अखेरीस, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहावयास आले. त्या गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी गाडी पुलगावचा पूल ओलांडून धामणगावला थांबे, तेव्हा आतील प्रवासी, मग ते देशाचे पुढारी असोत वा कारंजाच्या यात्रेला निघालेले एखादे कुटुंब असो, कागदोपत्री हैदराबादच्या निजामाच्या मुलखात पोचलेले असत. तिकीट तपासनीस तेव्हाही काही वेगळे विचारीत नसे.